कलेच्या कारभाराची पदवी

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८५१ साली निवर्तले आणि ज्यांच्या आज्ञेने व आश्रयाने १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले होते तो दरबारी आधार तुटला, तेव्हा पदरी नट, पोशाख आणि आख्याने असूनही मंडळीच्या उद्याच्या शिध्याची तजवीज कोठून करावी हा प्रश्न विष्णुदास भाव्यांपुढे येऊन ठाकला. त्याचे उत्तर त्यांनी दौऱ्यांत शोधले, आणि १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केला. नाट्येतिहासाच्या ग्रंथांतून या घटनेची नोंद बहुधा एका ओळीत आटोपते आणि पुढची पाने नटांच्या, पदांच्या आणि पडद्यांच्या वर्णनास मिळतात. पण त्या एका ओळीत केवढा प्रपंच सामावला आहे! नाटकगृहाचे भाडे ठरविणे, खेळाची वर्दी शहरभर पोचविणे, कोणत्या आसनास किती दर लावावा याचा अदमास घेणे, आणि रात्र सरल्यावर आलेल्या रकमेतून प्रत्येकाचा वाटा चुकता करून पुढच्या मुक्कामाची बेगमी राखणे. हा जो प्रपंच भाव्यांना गरजेने आणि अंगच्या हुशारीने करावा लागला, तोच आज जगातील कित्येक विद्यापीठांत तीन किंवा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम म्हणून रीतसर शिकविला जातो. कलाव्यवस्थापन असे त्याचे नाव.

बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाने किंवा मुलीने हा विषय घेण्याची इच्छा दर्शविली, तर मराठी मध्यमवर्गीय घरात जी शांतता पसरते तिचे कारण समजण्यासारखे आहे. गाणे शिकावयाचे असेल तर गुरू आहे, हिशेब शिकावयाचा असेल तर वाणिज्य शाखा आहे. या दोहोंच्या मधल्या गल्लीत पदवी ती कसली, आणि तिच्या जोरावर नोकरी देणार कोण, अशी शंका वडीलधाऱ्यांस येते. शंका रास्त आहे. तिचे निरसन करावयाचे तर हा विषय मुळात कोणत्या अडचणीतून जन्मास आला हे प्रथम पाहिले पाहिजे.

युरोपात राजाश्रय आणि धर्माश्रय ओसरल्यानंतर कलेचा भार काही काळ धनिकांनी, काही काळ तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांनी वाहिला. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर हे दोन्ही खांदे अपुरे पडू लागले, आणि ब्रिटनमध्ये १९४६ साली राजसनदेने कलापरिषद स्थापन होऊन सार्वजनिक तिजोरीतून नाट्यसंस्थांना व वाद्यवृंदांना अनुदान देण्याची पद्धत पक्की झाली. अमेरिकेत १९६५ मध्ये केंद्र सरकारने कलांसाठी राष्ट्रीय निधीची संस्था निर्माण केली. सरकारी पैसा आला की त्याच्या मागोमाग अर्ज, अहवाल, लेखापरीक्षण आणि जाब हे सारे लटांबर येते, आणि ते सांभाळण्यास ना नट मोकळा असतो ना कारकुनाला नाटक कळते. येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत १९६६ च्या सुमारास नाट्यप्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले ते या पार्श्वभूमीवर. पुढे हा विषय हळूहळू खाली उतरत पदवीच्या वर्गापर्यंत आला.

त्याच १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि कलाव्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी ज्या विचाराची ओळख करून दिली जाते तो त्यातला आहे. विचार सोपा पण निष्ठुर आहे. कारखान्यात यंत्रे सुधारली की तेवढ्याच मजुरांकडून दुप्पट-चौपट माल निघतो, त्यामुळे मजुरी वाढली तरी मालाची किंमत आटोक्यात राहते. परंतु चार वादकांनी मिळून वाजवावयाची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितक्या माणसांना आणि जितक्या मिनिटांत वाजवावी लागत होती तितक्याच माणसांना आणि तितक्याच मिनिटांत आजही वाजवावी लागते. वादकांना मात्र आजच्या भावाने अन्न, वस्त्र आणि घरभाडे भरावयाचे असल्याने त्यांचे मानधन इतर व्यवसायांबरोबर वाढावेच लागते. परिणामी प्रयोगाचा खर्च इतर वस्तूंच्या मानाने सतत चढत जातो, आणि हा चढ कोणाच्या उधळेपणाचे फळ नसून कलेच्या स्वभावातच आहे. आपल्याकडे पाहू गेल्यास १९११ चे ‘मानापमान’ आजही धैर्यधराशिवाय, भामिनीशिवाय, ऑर्गन व तबल्याच्या साथीशिवाय होत नाही. रात्रभर चालणारी संगीत नाटके आपण कापून तीन तासांवर आणली, ही बचत म्हणावी तर म्हणावी. पण कात्रीलाही मर्यादा असते, आणि पदेच कापली तर प्रेक्षक कशासाठी यावेत?

हा विचार एकदा मनात रुजला म्हणजे कलाव्यवस्थापनाचा खरा प्रश्न स्पष्ट होतो. तिकिटाच्या उत्पन्नातून संपूर्ण खर्च कधीच निघणार नाही असे ज्या कलांच्या बाबतीत दिसते, त्यांची तूट कोणी, किती आणि कोणत्या अटींवर भरावी? सरकारने भरली तर सरकारची मर्जी सांभाळावी लागते, कंपनीने भरली तर फलकावर तिचे नाव मोठे होते, धनिकाने भरली तर त्याच्या आवडीनिवडीस मान द्यावा लागतो, आणि कलावंताने स्वतःच्या घरादारावर भरली तर काय होते याची उदाहरणे आपल्याला दूर शोधावी लागत नाहीत.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये स्थापन झाली. १९२१ साली भागीदारी संपून ती कर्जासह एकट्या बालगंधर्वांकडे आली. महाराष्ट्राने ज्याच्यावर जीव ओवाळून टाकला त्या या कलावंतास पोशाख, पडदे, सुगंध आणि अलंकार यांच्या बाबतीत हात आखडता घेणे ठाऊक नव्हते. ‘द्रौपदी’ नाटकाच्या थाटामाटाच्या कथा आजही सांगितल्या जातात. कर्ज फेडण्यास पुढे आलेल्या चाहत्यांची मदत त्यांनी नाकारली आणि गाऊन, कष्टून ते फेडले, हे त्यांच्या स्वाभिमानाचे भूषण होय. तथापि ज्या संस्थेत मालक, मुख्य नट आणि खर्चाचा अंतिम अधिकारी हे तिघे एकाच देहात नांदतात, त्या संस्थेत ‘हा खर्च परवडणार नाही’ असे म्हणणारा कोणीही उरत नाही, हेही तितकेच खरे. बोलपटांचे युग आले, आणि १९३५ साली बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले.

विष्णु दिगंबर पलुसकरांची कथा मला याहून उद्बोधक वाटते. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले ते संस्थानिकाच्या खजिन्यावर न विसंबता, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली, तेथे कर्ज काढून स्वतःची इमारत बांधली गेली, आणि १९२४ मध्ये धनकोंनी ती लिलावात काढली. इमारतीचे कर्ज ठरावीक तारखेस व्याज मागते आणि जलशाचे उत्पन्न पावसासारखे येते किंवा येत नाही, हे गणित त्या काळी कोण्या गायकाला शिकविणार कोण? परंतु पंडितजींनी एक गोष्ट अशी केली होती की जी लिलावात निघू शकत नव्हती: क्रमिक पुस्तके, इयत्तावार अभ्यासक्रम, आणि तो शिकवू शकणारा शिष्यवर्ग. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि त्याच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. इमारत गेली आणि संस्था राहिली. कोणता खर्च संस्थेला जगवितो आणि कोणता तिला गिळतो, हे ओळखण्यास याहून चांगला धडा कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात मिळेलसे वाटत नाही. आणि अशा अभ्यासक्रमांतून आपल्या मुलांना हा धडा शिकविला जात नाही, ही माझी या विषयाविरुद्धची तक्रार आहे.

पदवीचे स्वरूप प्रत्यक्षात कसे असते हे पाहण्यासाठी सिंगापूरचे उदाहरण घेणे सोयीचे आहे, कारण तेथे सरकारी धोरण, कलागृहे आणि महाविद्यालय यांची साखळी डोळ्यांसमोर जुळलेली दिसते. व्यापारावर उभ्या राहिलेल्या या नगरराज्याने १९८९ साली एका सल्लागार मंडळाकडून संस्कृती व कला यांविषयी अहवाल मागविला. १९९१ मध्ये राष्ट्रीय कला परिषद निर्माण केली. २००२ च्या ऑक्टोबरात समुद्रकाठी ‘एस्प्लनेड’ हे भव्य कलागृह उघडले, ज्यातील संगीतसभागृहात सुमारे १६०० आणि नाट्यगृहात सुमारे २००० प्रेक्षक बसतात. आणि २०१५ मध्ये जुने सर्वोच्च न्यायालय व नगरभवन या दोन इमारती जोडून राष्ट्रीय कलादालन सुरू केले. एवढ्या वास्तू उभ्या केल्यावर त्या चालविणारी माणसे हवीत. आयरिश धर्मबंधू जोसेफ मॅकनॅली यांनी १९८४ साली स्थापिलेल्या लासाल कला महाविद्यालयात कलाव्यवस्थापनाची तीन वर्षांची सन्मान पदवी आहे. पूर्वी तेथील पदव्यांना लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयाची मान्यता असे, आणि आता लासाल हे २०२४ मध्ये सुरू झालेल्या सिंगापूर कलाविद्यापीठाचा घटक आहे. चित्रकार, नट, नर्तक आणि वादक ज्या आवारात शिकतात त्याच आवारात व्यवस्थापनाचा विद्यार्थीही शिकतो, हा त्या व्यवस्थेचा मोठा लाभ होय. आपण ज्यांचा कारभार पुढे पाहणार त्यांचे रुसवेफुगवे त्याला आधीपासून ठाऊक होतात. एस्प्लनेडमध्ये दरवर्षी ‘कला उत्सवम्’ या नावाने भारतीय कलांचा महोत्सव भरतो. उमेदवारीसाठी कलागृहात जाणाऱ्या विद्यार्थ्याला भरतनाट्यम् आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्या गरजा किती निराळ्या असतात, हे अशा ठिकाणी कामातच कळते.

अशा पदवीत सामान्यतः काय शिकवितात? कलेचा इतिहास, सांस्कृतिक धोरण, जाहिरात व प्रेक्षकवृद्धी, निधिसंकलन, हिशेब, कायदा, आणि शेवटी प्रत्यक्ष एखादा कार्यक्रम किंवा प्रदर्शन स्वतः पार पाडणे. नावे कोरडी आहेत. ती आपल्या रंगभूमीवर आणून पाहिली म्हणजे त्यांना रक्तमांस येते. समजा, एका नाट्यगृहात ८०० खुर्च्या आहेत, आणि नटांची नाइट, वाद्यमेळ, बॅकस्टेजची माणसे, नेपथ्याचा टेम्पो, नाट्यगृहाचे भाडे व वर्तमानपत्रातील जाहिरात मिळून एका प्रयोगास १,२०,००० रुपये लागतात. सरासरी तिकीट ३०० रुपये धरले तर ४०० खुर्च्या भरल्यावर खर्च निघतो आणि चारशे एकाव्या प्रेक्षकापासून निर्मात्याची कमाई सुरू होते. ३५० च लोक आले तर १५,००० चा खड्डा पडतो. आणि ओळखीपाळखीच्या मंडळींना दिलेल्या पासांचा प्रश्न त्याआधीच उद्भवलेला असतो. हे गणित पाचवीतला मुलगाही करील. परंतु शनिवार संध्याकाळची तारीख न मिळता मंगळवार दुपारची मिळाली, तर तोच प्रयोग करावा की सोडावा, एखाद्या बँकेच्या स्नेहसंमेलनास ठोक रकमेवर विकावा की नाटकाची प्रतिष्ठा राखावी, हे ठरविण्यास निराळी जाण लागते.

दराच्या बाबतीतही तसेच. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळ भरवीत आले आहे. तेथे पुढे खुर्च्या व सोफे असतात आणि त्यांचा दर चढा असतो. भारतीय बैठकीचा दर मात्र सामान्य रसिकाला परवडेल असा. पैसेवाल्याच्या आरामातून विद्यार्थ्याच्या श्रवणाची सोय करण्याची ही युक्ती अर्थशास्त्रात मोठ्या नावाने शिकवितात; भीमसेन जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अनुभवाने साधली. याच महोत्सवाने कायद्याचाही एक धडा दिला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली, आणि राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत तीच मर्यादा मध्यरात्रीपर्यंत नेण्याची मुभा २००२ च्या दुरुस्तीने मिळाली. पूर्वी रात्ररात्र चालणाऱ्या बैठकींत उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकावयास मिळत. आज ते सुख उघड्या मंडपात दुर्मीळ झाले. एका प्रशासकीय नियमाने रागांची वेळापत्रके बदलली! कोणत्या दिवसासाठी परवानगी मागावी आणि शेवटच्या दिवशीची सकाळ कशी वापरावी, हे ठरविणारा माणूस गात नसला तरी कोणता राग गायला जाणार हे अंशतः तोच ठरवीत असतो.

कायद्याचा भाग विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतो, पण आपल्याकडे तोच सर्वांत उपयोगी पडेल. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, म्हणजे ‘मानापमाना’ची संहिता आणि तिच्या चाली या वेगवेगळ्या वर्षी मोकळ्या झाल्या, हे किती हौशी मंडळांना ठाऊक असते? नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर लागत नाही. दरफलकावरील वरचा आकडा अनेकदा तेथेच का थांबतो, याचे एक कारण हे असू शकते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते, आणि त्या कार्यांच्या यादीत कला, संस्कृती व वारसा यांचा समावेश आहे. परंतु तो पैसा मिळण्यासाठी संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षित ताळेबंद आणि आयकरातील प्रमाणपत्रे हाताशी लागतात. आपल्या जुन्या सांस्कृतिक संस्था १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा यांखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो वेळेवर झाला नाही म्हणून, किंवा दोन गटांनी दोन अर्ज केले म्हणून, बँकखाते गोठून वाचनालयाची आणि नाट्यशाखेची दारे बंद झाल्याच्या कथा महाराष्ट्रात नव्या नाहीत.

सारेच शहाणपण विद्यापीठात साठलेले आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगावास जावे. तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रेचे कारभारी येतात, आणि चैत्र-वैशाखातील जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. ज्या तिथीस अनेक गावांच्या यात्रा एकत्र येतात तिचा भाव आपोआप चढतो, आणि फडमालक कोणत्या गावास कोणता दिवस द्यावा याचा हिशेब तोंडी करतो. बाजारपेठ, मागणी, हंगामी दर, दौऱ्याचा मार्ग असा सगळा अभ्यासक्रम तेथे एका मैदानात चालू असतो. त्याची दुसरी बाजूही तेथेच दिसते: पावसाळ्यात कलावंतांना उचल देण्यासाठी सावकाराकडून व्याजाने काढलेली रक्कम, आणि एखादा हंगाम दुष्काळात गेला की तीत बुडणारा फड. फडमालकाला व्यवस्थापन येत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला स्वस्त भांडवल मिळत नाही. ही वेदना समजून बँकेशी, सरकारशी आणि विमा कंपनीशी बोलू शकणारा तरुण त्या मैदानातून निघाला तर मी त्याच्या पदवीला शंभर गुण देईन.

सातासमुद्रापलीकडच्या आपल्या मंडळींनीही हे काम पदवीवाचून केले आहे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्याची अधिवेशने दर दोन वर्षांनी भरतात, आणि दिवसभर रुग्णालयात किंवा संगणकासमोर काम करणारी माणसे संध्याकाळी नाटकमंडळींच्या व्हिसाचे कागद, सभागृहांची भाडी आणि हजारो पाहुण्यांच्या जेवणाचा बेत पाहतात. हौसेची ही थोरवी मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की हौशी कार्यकर्ता थकला किंवा रुसला म्हणजे त्याच्याबरोबर त्याच्या डोक्यातली सारी वहीही निघून जाते. व्यवस्थापकाचे पहिले कर्तव्य ती वही कागदावर उतरविण्याचे आहे.

आता मुख्य प्रश्न. अठराव्या वर्षी हा विषय घ्यावा काय? माझे मत असे की घ्यावा, पण एकटा घेऊ नये. ज्याने कोणत्याही एका कलेत काही वर्षे घासली नाहीत, तालमीला उशिरा येऊन बोलणी खाल्ली नाहीत, पडद्यामागे अंधारात सामान हलविले नाही, त्याला व्यवस्थापनाची सूत्रे पाठ झाली तरी ती कोठे लागू पडत नाहीत हे कळणार नाही, आणि हे न कळणारा व्यवस्थापक कलावंतांना लवकरच शत्रू वाटू लागतो. म्हणून पुष्कळ जाणकार हा विषय पदव्युत्तर वर्गातच शिकवावा असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तथापि आपल्याकडे नवीन शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. संगीत, नाट्य, इतिहास किंवा वाणिज्य यांपैकी एक मुख्य ठेवून कलाव्यवस्थापन जोडीस घेता आले, तर ते मला परदेशातील महागड्या स्वतंत्र पदवीपेक्षा अधिक समंजस वाटते. वेतनाच्या बाबतीत भाबडेपणा नको. वस्तुसंग्रहालये, मुंबईतील राष्ट्रीय प्रयोगकला केंद्रासारख्या संस्था, पणजीचा सेरेन्डिपिटी कला महोत्सव, लिलावगृहे, प्रकाशनगृहे आणि कंपन्यांचे निधिविभाग येथे कामे आहेत, पण ती मोजकी आहेत, महोत्सवांतील पुष्कळशी हंगामी आहेत, आणि आरंभीची प्राप्ती अभियंत्याच्या जवळपास फिरकत नाही.

तेव्हा पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयास विचारावे की विद्यार्थी प्रत्यक्ष तिकीट लावून कार्यक्रम करतात काय, त्याचा जमाखर्च कोण तपासतो, आणि तूट आली तर ती कोणाच्या नावे पडते. या प्रश्नांना सरळ उत्तर न मिळाल्यास दुसरे महाविद्यालय पाहावे. मुलांनी प्रवेशाआधी एक हंगाम जवळच्या नाट्यसंस्थेत, व्याख्यानमालेत किंवा संगीतसभेत काम करून पाहावे, आणि तेही गल्ल्यावर व परवानग्यांच्या धावपळीत. आणि ज्या संस्थांचे कार्यवाह सत्तरी ओलांडूनही एकट्याने किल्ल्या सांभाळीत आहेत, त्यांनी अशा मुलांपुढे आपल्या कीर्द-खतावण्या उघडाव्यात, त्यांना बैठकीत बसू द्यावे, आणि केलेल्या कामाचा मोबदलाही द्यावा.